नडगी दुखत असेल तर उद्याचा राउंड मारू नका

पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनो, हे आवाहन तुमच्यासाठी आहे आणि ते आजच वाचा. बसल्या जागी पँट वर सारा. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापर्यंत न्या. वाटेत रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत जीव कळवळेल अशी कळ आली, रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिथे ठणकत असेल, तर उद्या पहाटे ग्राउंडवर धावायला जाऊ नका. सरांना सांगा, घरी सांगा आणि जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जा. भरतीची तारीख तोंडावर आली असली तरी जा. तारीख तोंडावर आली असेल तर जास्तच घाई करा.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी करते. भरतीची जाहिरात निघाली की महिन्या-सव्वा महिन्यात माझ्याकडे लंगडणारी मुलं यायला लागतात. जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं : “मॅडम, नळ्या भरल्यात, पण ग्राउंड होईपर्यंत काही तरी करा.” ती का थांबत नाहीत हे मला कळतं. २०२४ च्या जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली तेव्हा पदं होती १७,४७१ आणि अर्ज १७ लाखांहून अधिक. शिपाईपदाचं ग्राउंड ५० गुणांचं. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर कापलं तर पूर्ण गुण, त्यापुढे काही सेकंद गेले की गुणांची पायरी खाली. एकेका गुणावर नाव यादीत राहतं किंवा गळतं. वडिलांनी उसने पैसे काढून अकॅडमीची फी भरलेली असते, वय वाढत असतं. अशा मुलाला “आराम कर” म्हणणं सोपं आहे आणि ते ऐकणं अवघड, हे मी रोज पाहते. म्हणूनच नुसतं “आराम करा” न म्हणता कधी थांबायचं, का थांबायचं, थांबून काय करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे सगळं सांगायचं आहे.

आधी हाडाचं सांगते, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. हाड जिवंत असतं. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट धक्का जमिनीकडून येतो आणि त्यात पोटरीच्या स्नायूंची ओढ मिळून नडगीवरचा भार आणखी वाढतो. या भाराला पुरं पडण्यासाठी शरीर हाड नव्यानं बांधायला घेतं. पण भिंतीला नवा गिलावा करायचा तर आधी जुना खरवडावा लागतो, तसं शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे जोरात सराव सुरू केल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी आधीपेक्षा कच्ची असते. नेमक्या त्याच दिवसांत मुलाचा दम वाढलेला असतो, टायमिंग सुधारत असतं, सर खूश असतात आणि राउंड वाढवले जातात. फुप्फुसं आणि हृदय पुढे निघून गेलेली असतात, हाड मागे राहिलेलं असतं. तिथे बारीक भेग पडते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडायला-झडायला काही लागत नाही, नुसत्या धावण्यानं हाडाला तडा जातो.

हा काही आजकालच्या मुलांच्या नाजूकपणाचा दोष नाही. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांबच लांब कूच करणाऱ्या सैनिकांची सुजलेली, दुखरी पावलं पाहून त्यांची नोंद केली होती. कारण मात्र त्यांना दिसू शकलं नाही. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ मध्ये उलगडा झाला की पावलातल्या लांब हाडांना तडे गेलेले असतात. चांगलं खाणाऱ्या, कमावलेल्या शरीराच्या सैनिकांची ही गत होते. आपली मुलं तर वर्षभर अभ्यासिकेत बसून, मेसच्या एका डब्यावर दिवस काढून, जाहिरात निघताच थेट डांबरी रस्त्यावर उतरतात.

नडगीचं प्रत्येक दुखणं मात्र फ्रॅक्चर नसतं. मुलं ज्याला नळ्या भरणं किंवा शिन पेन म्हणतात, ते बहुतेक वेळा हाडाच्या आतल्या कडेवर आलेला ताण असतो. नडगीच्या खालच्या भागात आतून तीन-चार बोटं लांबीचा किंवा त्याहून मोठा पट्टा दुखतो. सुरुवातीला वॉर्मअप झाला की कळ कमी होते, धावून थांबलं की परत येते. इथे पूर्ण अंथरूण धरायची गरज नसते, धावणं निम्म्याहून खाली आणून, मऊ मैदानावर नेऊन आणि पोटरीला ताकद देऊन ते आवरता येतं. पण पट्टा आखडत जाऊन दुखणं एका बिंदूवर आलं, वॉर्मअपनंतरही थांबेना, चालताना जाणवू लागलं, रात्री जागं करू लागलं, तर तो तडा आहे असंच समजून चाला. आणि नडगीच्या पुढच्या धारदार कडेवर, बरोबर मधोमध, एका ठिकाणी दुखत असेल तर फारच सावध व्हा. तिथला तडा सहजी सांधत नाही आणि त्यावर धावत राहिलं तर हाड आरपार मोडू शकतं.

याहून धोक्याची जागा जांघेत आहे. धावताना किंवा त्या पायावर भार देताना जांघेत, खुब्याच्या पुढच्या बाजूला खोल दुखतंय, पाय ओढावा लागतोय, तर त्याच क्षणी धावणं बंद. “जांघेची नस भरली” म्हणून तेल लावून बसू नका, एका पायावर उड्या मारून तपासूनही पाहू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असण्याची शक्यता असते. तो सरकला तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिशीच्या आत खुबा निकामी झालेला माणूस जन्मभर लंगडतो. अशी शंका आली तर कुबडी घेऊन किंवा कुणाच्या तरी खांद्यावर भार देऊन, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, सूज येऊन एकाच हाडावर दुखत असेल तर तोही तडाच असू शकतो. घोट्याच्या पुढे, पावलाच्या उंचवट्यावर आतल्या बाजूला दुखत असेल तर त्याला किरकोळ समजू नका, तिथलं हाड भरून यायला फार त्रास देतं.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून धावायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगते. ताजा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो लवकर कळतो. जिल्ह्यात सोय नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चिठ्ठी मागा. तेही लगेच जमत नसेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी तडा आहे असं धरून दोन-तीन आठवडे धावणं थांबवा आणि एक्स-रे पुन्हा काढा. नडगीच्या साध्या तड्याला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी थोडे जास्त. पूर्ण मोडलेल्या नडगीला सळई घालावी लागते आणि वर्ष जातं. पुढच्या भरतीला उभं राहायचं की नाही, ते या आठवड्यांवर ठरतं.

आता ज्या गोष्टी कृपा करून करू नका त्या. वेदनाशामक गोळी घेऊन किंवा इंजेक्शन टोचून धावू नका. कळ मेली म्हणजे तडा भरला असं होत नाही, फक्त थांबायची सूचना देणारा आवाज बंद होतो. त्यात उन्हात, घाम गाळून, पाणी कमी पडलेल्या शरीरात डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. टाचेच्या मागच्या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर ती शीर तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लोक्सॅसिनसारखी अँटिबायोटिकं, जी जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी सर्रास मागून घेतली जातात, तीही ही शीर कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापायला लावला. औषध घेताना डॉक्टरांना “मी रोज धावतो” हे सांगा. आणि दुखऱ्या हाडावर जोरजोरात चोळून घेऊ नका. गावातला हाडवैद्य भल्या मनानं चोळत असेल, पण तड्यावर दाब दिला तर तडा वाढतो.

यानंतर येतात बुटातले सोल. मुलं सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतात आणि सगळ्यात जास्त आशा इथेच बांधतात, म्हणून थोडं सविस्तर. बुटात घालायचे सोल म्हणजे इनसोल ढोबळ मानानं तीन प्रकारचे असतात. पहिला मऊ स्पंजाचा किंवा जेलचा. पायाला छान वाटतो, “धक्का शोषतो” असं पाकिटावर लिहिलेलं असतं. दुसरा तयार मिळणारा पण आकार दिलेला, थोडा कडक, तळव्याच्या कमानीखाली आधार असलेला, टाचेला वाटीसारखा धरणारा. तिसरा पायाचा साचा किंवा स्कॅन घेऊन तुमच्यासाठी बनवलेला. पहिला काही शे रुपयांत येतो, तिसऱ्याचे अनेक हजार लागतात.

यावर झालेल्या चाचण्यांतला मोठा वाटा सैनिकांवर आणि नव्या रंगरुटांवरच झाला आहे, म्हणजे तुमच्यासारख्या मुलांवर. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. आकार दिलेल्या, आधार देणाऱ्या सोलमुळे एकूण दुखापतींचा धोका सुमारे २८ टक्के आणि स्ट्रेस फ्रॅक्चरचा सुमारे ४१ टक्के कमी झालेला दिसला. नुसत्या मऊ, धक्का शोषणाऱ्या सोलनं दुखापती कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. स्नायू आणि शिरांच्या दुखापतींवर आधार देणाऱ्या सोलचाही ठोस परिणाम आढळला नाही. यातून मी काढते तो अर्थ एवढाच : ज्यांचा सराव एकदम वाढणार आहे, ज्यांची नडगी वारंवार भरते, त्यांनी आकाराचा तयार सोल वापरून पाहायला हरकत नाही. तो आधीपासून वापरायचा, हाड शाबूत असताना. तडा पडल्यावर सोल घालून धावणं म्हणजे तड्यावर धावणंच. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. दुकानदार, मोबाइलवरच्या जाहिराती आणि कधी कधी अकॅडमीतले सरही सोल हा उपचार म्हणून हातात देतात, आणि जो मुलगा थांबला असता तो नव्या सोलच्या भरवशावर आणखी पंधरा दिवस धावतो.

साचा घेऊन बनवलेला महागडा सोल बहुतेकांना लागत नाही. टाचेच्या दुखण्यावर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका नीट आखलेल्या चाचणीत तयार सोल आणि साच्याचा सोल दोन्हींनी थोड्या काळापुरता थोडा आराम दिला आणि वर्षभरानंतर दोन्हींत फरक उरला नाही. त्यासाठी वडिलांच्या खिशातले हजारो रुपये काढू नका. पायाची ठेवण खरोखर वेगळी असेल, पाय आखूड-लांब असतील, जुनी मोड असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सरकारी ठिकाणी जा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, तिथे पायाचे आधार बनवण्याची स्वतंत्र कार्यशाळाच आहे.

सोल घ्यायचाच असेल तर पाय ठरवेल तो घ्या. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठातल्या बेनो निग यांच्या गटानं सैनिकांना वेगवेगळे सोल घालून पाहायला दिले आणि ज्याला जो सगळ्यात आरामशीर वाटला तो वापरायला सांगितलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोल वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या, आणि प्रत्येकानं निवडलेला सोल सारखा नव्हता. तेव्हा मित्राला मानवला म्हणून तोच घेऊ नका. बुटातला मूळ सोल काढून मगच नवा बसवा, नाही तर टाच वर येऊन निसटते. पहिल्या दिवशी तास-दोन तास फक्त चाला, रोज थोडा वेळ वाढवा आणि आठवडा-दोन आठवड्यांनी धावायला घ्या. बोटं बधिर होत असतील, फोड येत असतील, गुडघा नव्यानं दुखू लागला असेल तर तो सोल तुमचा नाही. आणि ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा नवा सोल किंवा नवा बूट घालून उभं राहू नका.

सपाट तळव्याबद्दल वेगळं सांगते, कारण त्या भीतीवर बाजार चालतो. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत सपाट तळवा हे अपात्रतेचं कारण आहे, त्यामुळे मुलं “फ्लॅट फूट बरा करणारे” सोल विकत घेतात. वाढ पूर्ण झालेल्या पायाची ठेवण सोलनं बदलत नाही, आणि वैद्यकीय तपासणीत तळवा बूट काढूनच पाहतात. घरी एवढं करा : उभं राहून कुणाला तरी तळव्याची आतली बाजू बघायला सांगा, मग टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा. चवड्यांवर कमान उमटली तर पाय लवचीक आहे, आणि असे पाय घेऊन उत्तम धावणारी माणसं जगभर आहेत. कमान उमटतच नसेल, पाय ताठ आणि दुखरा असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ज्या भरतीला अर्ज करणार तिचे वैद्यकीय निकष दोन वर्षं घासण्याआधी नीट वाचून घ्या, सगळ्या दलांचे निकष सारखे नसतात. तळव्याच्या आकारावरून बूट निवडावा या समजुतीलाही फारसा आधार नाही. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन कोअरच्या रंगरुटांना तळव्याच्या कमानीनुसार बूट वाटून पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत.

बुटाचं मग थोडक्यात. पुढे अंगठ्याएवढी जागा, टाच घट्ट, खालचा रबर झिजून एका बाजूला कललेला नको, एवढं पुरे. भावाचा किंवा काकाचा जुना, झिजलेला बूट बहिणीला देऊ नका, तिलाही तिच्या मापाचा बूट लागतो. ग्राउंडवर अनवाणी धावायचं ठरवलं असेल तर लहानपणापासून अनवाणी वावरलेल्याची गोष्ट वेगळी आणि वर्षानुवर्षं बूट घालून एका आठवड्यात ते काढून टाकणाऱ्याची वेगळी. अमेरिकेत २०१३ मध्ये अगदी पातळ तळाच्या बुटांवर १० आठवड्यांत सरकलेल्या धावपटूंचे एमआरआय काढले, तेव्हा बऱ्याच जणांच्या पावलाच्या हाडांत ताणामुळे आलेली सूज दिसली. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं धावलात तर एक पाय कायम खाली राहतो. गोल मैदानावर रोज एकाच दिशेनं फेऱ्या मारू नका, सरावात दिशा बदला.

बाकीची दुखणी लवकर सांगून टाकते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल टाचेखाली टोचतं आणि चालल्यावर बरं वाटतं, ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. पोटरी आणि तळवा ताणा, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करा, आधाराचा सोल इथे काही आठवडे कामी येतो. टाचेच्या मागची जाड शीर सकाळी आखडते, दाबली की दुखते : १९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी सांगितलेला व्यायाम आजही दिला जातो. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे ३ संच आणि गुडघा वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. टाचेखाली पॅड घालणार असाल तर दोन्ही बुटांत घाला. जिना उतरताना, मांडी घालून बसल्यावर गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमवा. या दुखण्यात सोलनं पहिले काही आठवडे बरं वाटतं, पुढे काम ताकदच करते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला उतारावर कळ येत असेल तर उतार आणि लांब अंतर काही दिवस सोडा. पावलं थोडी छोटी आणि थोडी जलद टाकली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. मांडीच्या मागे १०० मीटर पळताना एकदम चाबूक बसल्यासारखं झालं असेल तर त्या दिवशी ताणू नका, चोळू नका.

मुलींशी एक गोष्ट मला मोकळेपणानं बोलायची आहे. वजन कमी राहावं म्हणून एक वेळ उपाशी राहून धावत असाल आणि पाळी लांबली किंवा बंद झाली असेल, तर त्याला “धावण्यामुळे होतं तसं” म्हणून सोडू नका. शरीराला इंधन कमी पडतंय आणि त्याची किंमत हाडं भरत आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधलं, आणि ती मुलांनाही होते. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध-दही, अंडी ज्यांना चालतात त्यांना अंडी, आणि सरावानंतर तासाभरात पोटभर जेवण, एवढं घरच्यांनी पाहावं. अमेरिकेच्या नौदलातल्या सुमारे ५,२०० नव्या महिला रंगरुटांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्यांत ड जीवनसत्त्व कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या.

थांबायचं म्हणजे घरी झोपून राहायचं नाही. ज्या पायावर भार नको त्यावर भार न देता दम टिकवता येतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सायकल, पोहणं, आणि पोहता येत असेल तर खोल पाण्यात पट्टा बांधून धावल्यासारखे पाय मारणं. गोळाफेकीचा सराव खुर्चीवर बसून होतो, त्याचे १५ गुण आहेत. लेखीचा अभ्यास होतो, ते तर १०० गुण. परतताना आधी अर्धा तास बिनदुखीचं चालणं, मग एक मिनिट सावकाश धावणं आणि दोन मिनिटं चालणं, दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी हाडावर दाबून पाहा. दुखलं तर मागच्या टप्प्यावर या. गेल्या महिन्यात जेवढं सगळ्यात लांब धावलात त्यापेक्षा एका दिवसात फार पुढे जाऊ नका. “आज बरं वाटतंय” म्हणून एका सकाळी मारलेले जास्तीचे राउंड महिनाभराची कमाई घालवतात.

अकॅडमीच्या सरांना हात जोडून विनंती. तुमच्यातले बरेच जण स्वतः वर्दी घातलेले किंवा ती थोडक्यात हुकलेले आहात, मुलांची तुमच्यावर श्रद्धा आहे, तुम्ही म्हणाल ते ती करतात. लंगडणाऱ्याला “नाटक करतो” म्हणू नका. शिक्षा म्हणून राउंड देऊ नका. नव्या मुलाला जुन्या तुकडीसोबत पहिल्याच आठवड्यात पळवू नका, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळ्यांचेच राउंड मुद्दाम कमी करा. आठवड्यातून दोन दिवस धावण्याऐवजी पोटरी, मांडी आणि कमरेची ताकद घ्या. सोल आणि बूट विकणाऱ्याशी कमिशनचा व्यवहार ठेवू नका. दर सोमवारी वॉर्मअपच्या आधी प्रत्येकाला स्वतःची नडगी दाबून पाहायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

आई-वडिलांनो, मुलगा जिना उतरताना कठडा धरतोय, सकाळी न्हाणीघराकडे जाताना लंगडतोय, गुपचूप गोळ्या खातोय, हे तुम्हाला दिसतं. त्याला विचारा. “भरती हुकली तरी पुढची बघू” हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो दुखणं कबूल करणार नाही.

आणि गृह विभागाकडे, प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे मागणं. जाहिरात आणि ग्राउंड यांच्यात पुरेसे महिने ठेवा आणि तारीख आधी सांगा, म्हणजे मुलांना हळूहळू सराव वाढवता येईल. पावसात चिखल झालेल्या किंवा खडी उखडलेल्या मैदानावर चाचणी घेऊ नका. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असलेल्या जखमी उमेदवाराला त्याच भरतीत पुढची तारीख मिळेल, असा स्पष्ट नियम करून तो जाहिरातीतच छापा. तो नियम नसेल तर तडा गेलेला मुलगा तड्यावर धावणारच. मैदानावर रुग्णवाहिकेसोबत एक अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट बसवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांनी भरतीच्या हंगामात आठवड्यातून एक सकाळ या मुलांसाठी ठेवावी. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं आपल्या गावातल्या एका अकॅडमीत जाऊन अर्धा तास द्यावा, असं मी माझ्या सहकाऱ्यांना सांगते आहे.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी मुलगा किंवा मुलगी असेल, जी पहाटे रस्त्यावर धावते. तिला हा मजकूर दाखवा आणि नडगी दाबून पाहायला सांगा. एका बिंदूवर कळ आली तर सोबत जा, केसपेपर काढा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : दुखणं कधी सुरू झालं, त्याआधीच्या महिन्यात धावणं किती वाढवलं आणि रात्री ठणकतं का. एक्स-रे नॉर्मल आला तर एमआरआयबद्दल किंवा पुन्हा एक्स-रे कधी काढायचा याबद्दल तिथेच विचारा. तोवर बूट घरी ठेवा.